सरपणाचे मणी : हिल्डेगार्ड फ्रेच्या मुली बाहेर कशा पडल्या

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शाळकरी मुलींना चांदीची एक अंगठी मिळत असे. तिच्यावर नक्षी असायची सरपणाच्या मोळीची. कँप फायर गर्ल्स या संघटनेत मुलगी शिरली की तिची पहिली पायरी ‘सरपण गोळा करणारी’. त्यानंतर ‘शेकोटी पेटवणारी’ आणि सगळ्यात वर ‘मशाल वाहणारी’. पहिल्या पायरीला अंगठी, दुसरीला बांगडी, तिसरीला पिन. शिवाय केलेल्या प्रत्येक कामाचा एक लाकडी मणी : आरोग्याचा लाल, घरकामाचा केशरी, निसर्गाच्या ओळखीचा निळा, तंबू-शिबिराचा तपकिरी. मणी ओवून माळ करायची आणि शेकोटीभोवती बसताना गळ्यात घालायची.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप हसले. आपल्याकडे डोक्यावर मोळी घेऊन घाट उतरणाऱ्या कातकरी किंवा ठाकर बाईला या हिशोबाने किती मणी झाले असते? माझी आजी तर आठव्या वर्षीच मशालवाली ठरली असती.

हसू ओसरल्यावर मात्र एक प्रश्न उरला आणि त्या प्रश्नापायी मी हिल्डेगार्ड फ्रे या लेखिकेची पुस्तकं एकामागून एक फोनवर वाचत सुटले. ज्या पोरींच्या घरात सरपण आणायची गरजच उरली नव्हती, त्यांना सरपण आणण्याबद्दल चांदीची अंगठी का द्यावी लागत होती?

हिल्डेगार्ड फ्रे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात तुमची चूक नाही. १९१६ ते १९२० या काळात तिने कँप फायर मुलींवर दहा कादंबऱ्या लिहिल्या. न्यूयॉर्कच्या ए. एल. बर्ट कंपनीने त्या छापल्या. पहिल्याच वर्षी चार पुस्तकं आली, यावरून वेग लक्षात यावा. अमेरिकन बालसाहित्याच्या इतिहासात ‘लिटल विमेन’वर प्रकरणच्या प्रकरण असतं. फ्रेबाईंच्या वाट्याला फार तर मालिकांच्या यादीतली एक ओळ येते. मुलींच्या साहसमालिका तेव्हा ढिगाने निघत होत्या. ‘द आउटडोअर गर्ल्स’ ही मालिका १९१३ मध्ये सुरू झाली. तिच्यावर लॉरा ली होप हे नाव होतं, पण अशी बाई नव्हतीच. एडवर्ड स्ट्रेटमायर कथानकं ठरवायचा, भाड्याने ठेवलेले लेखक पुस्तकं लिहायचे आणि मुखपृष्ठावर बनावट नाव लागायचं. कँप फायरच्याही एक नव्हे, अनेक मालिका वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढल्या होत्या. ग्रंथपाल या सगळ्या मालिकांकडे नाक मुरडून बघत. बॉय स्काउट्सचे मुख्य ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये अशा स्वस्त मालिकांवर एक जळजळीत लेख लिहिला होता. ही पुस्तकं पोरांचा मेंदू उडवून टाकतात, असा त्याचा सूर होता. आज मोबाइल गेम्सबद्दल जे बोललं जातं, जवळपास तेच.

तेव्हा पन्नास सेंटला मिळणाऱ्या पुस्तकांच्या या ढिगात फ्रेबाई आहेत. त्या थोर लेखिका आहेत असा माझा दावा नाही. त्यांचे योगायोग पोत्याने मोजावे लागतात. हरवलेलं माणूस पुढच्याच प्रकरणात भेटतं आणि खलनायक चेहऱ्यावरून ओळखू येतो. पण ढिगातल्या बाकी पुस्तकांत मला जे दिसलं नाही ते यांच्यात दिसलं. मुलगी घराबाहेर पडते तेव्हा तिला नेमकी कशाकशाची परवानगी काढावी लागते, हे या दहा पुस्तकांत फार बारकाईने नोंदलं गेलं आहे. लेखिकेने ते ठरवून केलं असेल असंही मला वाटत नाही.

आधी संघटनेची गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुस्तकं कळत नाहीत. कँप फायर गर्ल्स १९१० मध्ये सुरू झाली. ल्यूथर गुलिक आणि शार्लट गुलिक हे नवरा-बायको तिचे संस्थापक. ल्यूथर गुलिक म्हणजे तेच गृहस्थ, ज्यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथला हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितलं आणि त्यातून बास्केटबॉल जन्माला आला. मेन राज्यातल्या सिबेगो तळ्याकाठी गुलिक कुटुंबाचं शिबिर भरायचं. तिथे मुलींना पोहणं, होडी वल्हवणं, उघड्यावर झोपणं शिकवलं जायचं. ‘वोहेलो’ हा संघटनेचा परवलीचा शब्द इंग्रजीतल्या काम, आरोग्य आणि प्रेम या तीन शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेला. ऐकायला रेड इंडियन वाटावा म्हणून मुद्दाम तसा घडवलेला. या ‘वाटावा’कडे मी पुढे परत येणार आहे.

गुलिक यांची भूमिका मजेशीर आहे. मुलींना त्यांनी तळ्यात उतरवलं, रानात झोपवलं, पण कारण दिलं ते घराचं. शेकोटी म्हणजे आद्य चूल आणि चूल म्हणजे बाईचं राज्य. तेव्हा शेकोटीभोवती बसलेली मुलगी उत्तम गृहिणी होईल, असा तो तर्क. दुसऱ्या पायरीला पोचण्यासाठी मुलीने काय करायचं याची यादी होती. जेवण रांधता यायला हवं, खर्चाच्या पैशातला दहावा हिस्सा वाचवायला हवा, अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर काय करायचं हे ठाऊक हवं. आणि महिनाभर खिडक्या उघड्या ठेवून किंवा बाहेर झोपायला हवं. खिडकी उघडी ठेवण्याचाही हिशोब द्यावा लागत होता.

याला मी सरपणाची युक्ती म्हणते. मुलीला रानात जायचं असेल तर तिच्या हातात एक मोळी द्या. विचारणाऱ्याला सांगता येतं की पोरगी उंडारत नाहीये, कामाला गेलीये. आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. पाणवठा, रान, जातं, देवदर्शन, मंगळागौर... बायकांना एकत्र जमायला आणि मोकळं हसायला आपल्या संस्कृतीने जी ठिकाणं दिली, त्या प्रत्येकाच्या दारावर काम किंवा पुण्य अशी पाटी आहे. नुसतं बाहेर जायचंय म्हणून बाहेर, असं दार बाईसाठी नव्हतंच.

फ्रेबाईंचा गट विनेबागो नावाचा. त्यातल्या मुलींनी आपापली नावं बदलून घेतली आहेत. सावा ही पोहणारी, उड्या मारणारी, कुठेही शिरणारी. हिनपोहा लाल केसांची आणि गुटगुटीत. मिगवान लिहिणारी. त्यांची ताई म्हणजे न्योडा, खरं नाव एलिझाबेथ केंट, तरुण शिक्षिका. पहिल्या पुस्तकात सगळ्या जणी मेनच्या जंगलात शिबिराला जातात. सोबत ग्लॅडिस इव्हान्स नावाची श्रीमंत मुलगी येते, जिला इथे यायचंच नव्हतं. तिला चिखल नको, थंड पाणी नको आणि या मुलीही नकोत.

साहसकथेत अशा पात्राचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे. एकतर ते संकटात सापडून सुधारतं किंवा त्याची फजिती होते. फ्रेबाईही ग्लॅडिसला सुधारतात, पण घाई करत नाहीत. जिला कुणी आवडत नाही आणि जी कुणाला आवडत नाही, अशी एक मुलगी त्याच तंबूत, त्याच ताटाशी रोज आहे. तिच्याशी वागायचं कसं? या प्रश्नावर पुस्तकाचा बराच भाग खर्च होतो आणि मला तोच सगळ्यात जिवंत वाटला. ट्रेकला गेलेल्यांना हे लगेच कळेल. डोंगर क्वचितच त्रास देतो. आपल्याबरोबर आलेलं माणूस देतं.

आणि मग सावा. तिच्याबद्दल लिहिताना फ्रेबाई सगळं विसरतात. नियम, मणी, चूल, काही आठवत नाही. सावा पाण्यात उतरली की वाक्यं आपोआप आखूड आणि जलद होतात. यामागचा काळ लक्षात घ्यायला हवा. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये ‘जनरल स्लोकम’ ही सहलीची बोट पेटली. हजाराहून जास्त माणसं मेली. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. त्यातल्या फार थोड्यांना पोहता येत होतं आणि अंगावर जाडजूड कपड्यांचे थर होते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांची पोहण्याची शर्यत पहिल्यांदा झाली, पण अमेरिकेने तिथे एकही बाई पोहायला पाठवली नाही. पुढच्याच, म्हणजे १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या एथेल्डा ब्लायब्ट्रीने पोहण्यात तीन सुवर्णपदकं जिंकली. सावा छापून आली ती या दोन तारखांच्या मध्ये, १९१६ मध्ये. तेव्हा तिचं पोहणं ही नुसती गंमत नव्हती. ते वाचणाऱ्या ओहायोतल्या एखाद्या मुलीने असं शरीर पुस्तकात पहिल्यांदाच पाहिलं असण्याची शक्यता बरीच आहे. दुसऱ्याला वाचवणारं, भुकेलं, चिखलाने माखलेलं आणि त्याची लाज नसलेलं मुलीचं शरीर.

परवानगीचा मामला दुसऱ्या पुस्तकात उघडउघड येतो. हिनपोहाचे आईवडील जातात आणि आंट फीबी नावाची कडक म्हातारी तिचा ताबा घेते. कँप फायर बंद. मैत्रिणी बंद. काळे कपडे घालायचे आणि शिवण-टिपण करत बसायचं. हा भाग वाचताना मला अमेरिका लांब वाटेना. आंट फीबी दुष्ट नाही, ती फक्त तिच्या काळात बसलेली आहे आणि तिच्याकडे अधिकार आहे. मुली तिच्याविरुद्ध बंड करत नाहीत. त्या तिच्या उपयोगी पडतात, तिची कामं करतात, आणि ती हळूहळू मऊ होते. पुन्हा सरपणाचीच युक्ती. आजची वाचक म्हणून मला याचा राग येतो. अगं, भांड ना! पण आपल्यापैकी किती जणींनी पहिल्या ट्रेकची परवानगी भांडून मिळवली आणि किती जणींनी आठवडाभर न सांगता भांडी घासून? मी तरी दुसऱ्या गटातली आहे.

घरून येणारा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘बरोबर कोण आहे?’ फ्रेबाईंकडे याचं उत्तर आहे न्योडा. ती शिक्षिका आहे, म्हणून पालकांना चालते. ती तरुण आहे, म्हणून मुलींना चालते. दोन जगांमध्ये असा एक पूल हवाच, हे फ्रेबाईंना पक्कं कळलं होतं.

तिसऱ्या पुस्तकात सरपण खरं होतं. मिगवान गरीब आहे. तिला कॉलेजला जायचंय, पैसे नाहीत. म्हणून ती एका जुन्या घराच्या आवारात भाजीपाला लावते आणि मैत्रिणी तिथे राहायला येतात. इथे बाहेर असणं हौस नाही, उत्पन्न आहे. पाऊस, कीड, भाव या गोष्टी पहिल्यांदाच कथेत शिरतात. फ्रेबाईंनी हा धागा पुढे जोरात ओढला असता तर त्या वेगळ्याच लेखिका झाल्या असत्या. पण त्यांना रहस्य हवं असतं, चोर हवे असतात, आणि टोमॅटो मागे पडतात. वाचताना माझी चिडचिड झाली ती इथे.

त्यानंतरचं मोटारप्रवासाचं पुस्तक माझं सगळ्यात आवडतं. दोन गाड्या आहेत, एकीचं नाव ‘काजवा’, दुसरीचं ‘पट्टेरी भुंगा’. आत मुली आणि न्योडा. पुरुष एकही नाही. निवेदन मिगवानचं, पण दुसऱ्या गाडीत काय झालं ते तिला कसं कळणार? म्हणून ती मैत्रिणींकडून ऐकलेलं जोडत जाते. मध्येच कुणीतरी तिला दुरुस्त करतं. दोन गाड्यांची चुकामूक होते आणि मग अख्खं पुस्तक म्हणजे एकमेकींना शोधणं. फोन नाही, लोकेशन नाही, चुकीचे फाटे, पाऊस, पंक्चर. हे लिहिलं जात होतं त्याच्या सात वर्षं आधी, १९०९ मध्ये, अ‍ॅलिस रॅम्झी नावाच्या बावीस वर्षांच्या बाईने तीन बायकांना सोबत घेऊन न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ५९ दिवसांत गाडी चालवत नेली होती. गाडी चालवणारी बाई तेव्हा बातमी होती. फ्रेबाई मात्र मुली गाडी चालवतात ही गोष्ट नोंदवायलाही थांबत नाहीत. चालवतात, एवढंच. या एका पुस्तकात सरपण नाही. जाण्याला कारण लागत नाही, रस्ता आहे म्हणून जायचं. आणि नेमकं हेच पुस्तक सगळ्यात हलकं, सगळ्यात विनोदी उतरलं आहे.

आता त्या ‘वाटावा’कडे. ही गोष्ट टाळून या पुस्तकांवर प्रेम करता येत नाही, निदान मला येत नाही.

विनेबागो हा शब्द फ्रेबाईंनी कुठून हवेतून काढलेला नाही. ते एका खऱ्या जमातीचं नाव आहे आणि तेही शेजाऱ्यांनी दिलेलं. ते लोक स्वतःला हो-चंक म्हणतात. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या भूमीतून एकोणिसाव्या शतकात त्यांना पुन्हा पुन्हा हुसकावून लावलं गेलं. एका भागाला अखेर नेब्रास्कात जागा मिळाली, काही जण चालत परत आले. आणि ज्या वर्षी फ्रेबाईंच्या गोऱ्या मुली शेकोटीसमोर झालरीचे झगे घालून ‘सावा’, ‘हिनपोहा’ अशी नावं धारण करत होत्या, त्याच वर्षी मूळ अमेरिकन मुलं कार्लाइलसारख्या सरकारी निवासी शाळांमध्ये होती. कार्लाइलची शाळा १८७९ पासून १९१८ पर्यंत चालली. तिथे आल्याबरोबर मुलांचे केस कापत, कपडे बदलत आणि नाव बदलून इंग्रजी नाव देत. म्हणजे एकीकडे मेरीची ‘सावा’ होत होती आणि दुसरीकडे कुणा खऱ्या सावाची मेरी.

नाव बदलणं म्हणजे काय हे मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. हौसेने घेतलेलं नाव आणि लादलेलं नाव कागदावर सारखंच दिसतं. फरक एवढाच की हौसेचं नाव शिबिर संपलं की काढून ठेवता येतं.

फ्रेबाईंना याचं भान होतं असं पुस्तकात कुठेही दिसत नाही. त्यांच्यासाठी ‘इंडियन’ म्हणजे झाडं, धूर, पिसं आणि गंभीर चेहरा. हाच आंधळेपणा काळ्या माणसांबद्दलही आहे. नवव्या पुस्तकातला हर्क्युलीस हा म्हातारा नोकर तुटक्याफुटक्या बोलीत बोलतो, भुताखेतांना घाबरतो आणि मालकांवर जीव टाकतो. ती पानं आज वाचवत नाहीत. ‘तो काळच तसा होता’ हे मी ऐकून घेणार नाही, कारण त्याच काळात चार्ल्स ईस्टमन होते. ओहियेसा हे त्यांचं जमातीतलं नाव, डकोटा जमातीत जन्मलेले डॉक्टर आणि लेखक. १९१४ मध्ये त्यांनी बॉय स्काउट्स आणि कँप फायर मुलींसाठीच रानविद्येचं पुस्तक लिहिलं होतं. पत्नी इलेन आणि मुलींसह ते न्यू हॅम्पशरमध्ये मुलींचं शिबिरही चालवायचे. एक खरा माणूस, खऱ्या ज्ञानासह, त्याच वाचकांशी बोलत होता. फ्रेबाईंच्या दहा पुस्तकांना मात्र असा एक खरा माणूस भेटत नाही.

मग या मुली ज्या रानात मोकळ्या झाल्या ते रान कुणाचं होतं, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. आपण विचारायचा. आणि विचारून झाल्यावर एकदा आपल्या वीकेंडच्या कँपिंगकडेही बघायचं. ज्या पठारावर आपण तंबू ठोकतो तिथून सकाळी सरपण नेणारी बाई आपल्याला ‘लोकल’ वाटते आणि आपण तिचा फोटो काढतो.

युद्धाच्या काळातलं आठवं पुस्तक, १९१९ चं, यात एक चमत्कारिक भेग आहे. विनेबागोंमध्ये आता व्हेरोनिका नावाची हंगेरियन मुलगी आहे. अमेरिकेने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध डिसेंबर १९१७ मध्ये युद्ध पुकारलं होतं, त्यामुळे ती एका रात्रीत शत्रूच्या देशाची झाली. तिच्यावर हेरगिरीचा संशय येतो. आजूबाजूचे लोक, जे काल गोड बोलत होते, ते तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतात. पुस्तक तसं कडवं देशभक्तीचं आहे. झेंडे, भाषणं, सगळं आहे. पण व्हेरोनिकाच्या प्रसंगांत लेखणी जड होते. कुणावर संशय येतो तेव्हा तो किती लहान लहान गोष्टींतून येतो, हे फ्रेबाई फार नेमकं दाखवतात. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक ठिकाणी, अगदी टेलिफोनवरसुद्धा, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी घातली होती. जर्मन शब्दही लोकांना सहन होत नव्हता. आणि या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव छापलेलं आहे : हिल्डेगार्ड फ्रे. याहून जर्मन नाव क्वचितच सापडेल. मी यातून काही सिद्ध करत नाही. फक्त ते नाव आणि ती कथा एकाच मुखपृष्ठावर आहेत, एवढं मला विसरता येत नाही.

शेवटच्या, १९२० च्या पुस्तकात फ्रेबाई पुन्हा शिबिरात परततात. किवेडिन नावाचं मोठं शिबिर, नव्या मुली. इथे अ‍ॅगनी आहे. खरं नाव अ‍ॅग्नेस, पण टोपणनावाचा अर्थ यातना. तिला लाडकी व्हायचंय. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं एवढीच तिची इच्छा. एकदा ती मेरी नावाच्या मुलीबरोबर असताना मेरी एका उंच झाडावर चढून अडकलेल्या रॉबिन पक्ष्याला सोडवते. मेरीला लगेचच शिबिर सोडून जावं लागतं. मग शिबिरात बातमी पोचते की इथल्या कुणा शूर मुलीने असा पक्षी वाचवला. सगळ्यांच्या नजरा अ‍ॅगनीकडे वळतात. ती खोटं बोलत नाही. ती फक्त नाही म्हणत नाही.

मला ही कथा मालिकेतली सगळ्यात चांगली वाटते, कारण इथे साहस आणि साहसाचा फोटो वेगळे होतात. पुढची कित्येक पानं अ‍ॅगनीला मिळणारं प्रत्येक कौतुक तिला टोचतं. जो मान हवा होता तो मिळतो आणि तो घेऊन झोप लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या तळ्याकाठी, ज्या मुलीने कॅमेराही क्वचित पाहिला असेल, तिच्यात फ्रेबाईंनी हे ओळखलं होतं. बाहेर पडायला मिळालं की पुढचा लोभ आपण बाहेर पडलो हे कुणीतरी पाहावं, याचा असतो. मण्यांच्या माळेतच तो होता. प्रत्येक कामाचा मणी, आणि माळ सगळ्यांना दिसेल अशी.

दहा वर्षांनी, १९३० मध्ये, नॅन्सी ड्रू आली आणि कँप फायर मुली विझल्या. नॅन्सीकडे स्वतःची निळी गाडी आहे. आई नाही, वडील वकील आणि कौतुक करणारे, घरकामाला हॅना आहे. ‘बरोबर कोण आहे?’ हे तिला कुणी अडवून विचारत नाही आणि तिच्या हातात मोळी नाही. आपल्या फास्टर फेणेलाही कुणी विचारत नाही, पण तो मुलगा आहे. नॅन्सीचं स्वातंत्र्य मला फार हवंसं वाटायचं. आता वाटतं की त्या स्वातंत्र्यात मैत्रिणी मागच्या सीटवर गेल्या. नॅन्सीला बेस आणि जॉर्ज आहेत, पण त्या तिच्या सोबतिणी आहेत. नॅन्सी चुकत नाही, रुसत नाही, पाण्यात गटांगळ्या खात नाही. विनेबागो मुली सतत चुकतात. त्यांच्यात एक रुसलेली असते, एक गरीब, एक भित्री, एक खोटं मिरवणारी. त्या एकमेकींना वागवून घेतात. परवानगी काढूनच बाहेर पडलेल्या असतात, पण बाहेर पडल्यावर त्यांच्यात जे घडतं त्याला कुणाची परवानगी नसते.

ही पुस्तकं आता कुणाच्या मालकीची नाहीत, म्हणजे कॉपीराइट कधीच संपला. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून फोनवर फुकट उतरवता येतात, फाइल छोटी असते, लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी चालते. इंग्रजी सोपं आहे. क्रमाने वाचायची असतील तर मेनच्या जंगलापासून सुरू करा, पण माझं ऐकाल तर नका करू. आधी दोन गाड्यांचं पुस्तक घ्या, मग थेट किवेडिन. नवव्यातला हर्क्युलीस आला की राग येईल, तो येऊ द्या. आणि काजवा नि पट्टेरी भुंगा यांची पहिल्यांदा चुकामूक होते ते पान आलं की फोन खाली ठेवून एकदा विचार करा, लोकेशन न पाठवता तुम्ही तुमच्या मैत्रिणीला कसं शोधलं असतं.